माइटसाठीचा आयजीई एलायझा: सगळ्याच सिरमला सिग्नल येतोय तेव्हा काय बघायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घरातल्या धुळीतल्या माइटची (डोळ्याला न दिसणारा सूक्ष्म जीव) ॲलर्जी असलेले आणि नसलेले असे दोन गट केलेत, दोघांचं सिरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) गोळा केलंय, ९६ वेलच्या, म्हणजे छोट्या खळग्यांच्या प्लेटला माइटचा अर्क लावला, उरलेली जागा ५ टक्के दूध पावडरनं झाकली, म्हणजे ब्लॉक केलं, वर सिरम आणि शेवटी एचआरपी लावलेली अँटी-ह्युमन आयजीई, म्हणजे आयजीई या ॲलर्जीच्या अँटीबॉडीला धरणारी आणि रंग आणणारं एन्झाइम जोडलेली अँटीबॉडी, हेच काँज्युगेट. सिरम १:१०० केलं की सगळे ओडी (रंगाच्या तीव्रतेचे आकडे) ब्लँकच्या, म्हणजे सिरम न घातलेल्या वेलच्या जवळ बसतात, १:५ केलं की सगळेच ०.८ च्या आसपास, ज्यांना कसलाही त्रास नाही तेसुद्धा. आणि विचारलंय की काँज्युगेट खराब आलंय का, दुसरं मागवू का, आणि नाहीच जमलं तर टोटल आयजीईचं तयार किट वापरून थीसिसमध्ये तेच आकडे टाकले तर चालतील का.

काँज्युगेट मागवायची घाई करू नका. तुम्ही जे दोन टोकाचे रिझल्ट सांगितलेत ते दोन्ही अपेक्षितच आहेत, आणि दोन्हीची कारणं वेगवेगळी आहेत.

आधी १:१०० चं बघू. आयजीईचं एक युनिट म्हणजे साधारण २.४ नॅनोग्रॅम, हे डब्ल्यूएचओच्या स्टँडर्डवरून आलेलं गणित आहे, ते कायम डोक्यात ठेवा. समजा एखाद्याला माइटची स्पेसिफिक आयजीई ५ किलोयुनिट प्रति लिटर आहे, म्हणजे बऱ्यापैकी पॉझिटिव्ह पेशंट, तर त्याच्या सिरममध्ये माइटविरुद्धची आयजीई आहे १२ नॅनोग्रॅम प्रति मिली. ते १:१०० केलं की उरलं ०.१२. साध्या टीएमबीच्या (एचआरपीमुळे रंगणारं रसायन) एलायझाला एवढ्याशा गोष्टीतून काही दिसणं कठीण, मग तुमचं काँज्युगेट कितीही चांगलं असो. आयजीजीचा (रक्तातली सगळ्यात जास्त असणारी अँटीबॉडी) एलायझा केलेल्या लोकांच्या हाताला १:१०० ची सवय असते कारण आयजीजी रक्तात १० मिलिग्रॅम प्रति मिलीच्या आसपास असते, आणि टोटल आयजीई १०० किलोयुनिट असलेल्या माणसात सगळी मिळून आयजीई ०.२४ मायक्रोग्रॅम प्रति मिली, म्हणजे चाळीस हजार पटीचा फरक. तर आयजीईसाठी सिरम १:२, १:५, फार तर १:१० एवढंच पातळ करायचं आणि सिरम रात्रभर ४ डिग्रीला ठेवायचं, तास-दोन तासात उरकायचं नाही.

आता १:५ ला सगळेच वर का जातात. याच चाळीस हजार पटीमुळे. एवढं घट्ट सिरम घातलंत की त्यात आयजीजी भरमसाट आहे, ती प्लास्टिकला चिकटते, ब्लॉकिंगच्या प्रोटीनला चिकटते, माइटच्या अर्काला तर खरोखरची चिकटते कारण आपल्याकडे प्रत्येकजण धुळीत राहतो आणि माइटविरुद्धची आयजीजी निरोगी माणसातही असते. मग तुमची अँटी-आयजीई जर आयजीजीला दहा हजारात एक एवढी जरी ओळखत असेल तरी हिशोब करा, १० मिलिग्रॅमचा दहा हजारावा भाग म्हणजे १००० नॅनोग्रॅम, आणि तुम्ही शोधताय १२. म्हणजे जे ०.८ दिसतंय ते आयजीईच आहे असं मानायला सध्या तुमच्याकडे काहीच पुरावा नाही.

हे तपासायला एक सकाळ लागते. रिकाम्या प्लेटला शुद्ध ह्युमन आयजीजी १ आणि १० मायक्रोग्रॅम प्रति मिलीनं लावा, जमलं तर आयजीए आणि आयजीएमही, शेजारी शुद्ध ह्युमन आयजीई, ब्लॉक करा, सिरम बिरम काही नाही, थेट काँज्युगेट. आयजीजीचे वेल ब्लँकसारखे राहिले तर काँज्युगेट निर्दोष. वर गेले तर मग नवीन मागवा आणि मागवताना डेटाशीटवर एप्सिलॉन चेनला स्पेसिफिक आणि ह्युमन आयजीजीवर ॲबसॉर्ब केलेलं असं लिहिलंय का ते बघून घ्या, शक्य असेल तर मोनोक्लोनल घ्या. बऱ्याचदा मात्र काँज्युगेट फक्त जास्त घट्ट वापरलेलं असतं. कंपनीनं १:१००० लिहिलं म्हणून १:१०००, असं करू नका, आपल्या प्लेटवर १:१००० पासून १:१६००० पर्यंत टायट्रेट करा आणि पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह मधलं अंतर जिथे जास्तीत जास्त आहे ते डायल्युशन घ्या, जिथे पॉझिटिव्हचा ओडी सगळ्यात मोठा येतो ते नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि नवीन लोक नेहमी दुसरीच्या मागे लागतात.

आता दूध पावडर. वेस्टर्न ब्लॉटवाले दूध वापरतात म्हणून आपणही वापरतो, पण ॲलर्जीच्या एलायझात दुधानं ब्लॉक करणं म्हणजे प्लेटवर दुसरं ॲलर्जन लावणं. दुधातलं केसीन म्हणजे बॉस डी ८, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन म्हणजे बॉस डी ५, ही दोन्ही नावाजलेली ॲलर्जन्स आहेत. तुमच्या डोनरमध्ये दुधाला सेन्सिटाइझ झालेला, म्हणजे दुधाविरुद्ध आयजीई तयार झालेला एखादा असेल तर त्याची आयजीई ब्लॉकिंगला बसेल आणि तुम्ही ती माइटची म्हणून मोजाल. बीएसए घेतलं तरी सुटका नाही, ते बॉस डी ६, शिवाय दूध-मांस खाणाऱ्या भरपूर लोकांच्या रक्तात बीएसएविरुद्ध आयजीजी असते. दुधात बायोटिनही असतं, म्हणजे पुढे स्ट्रेप्टाव्हिडिनची पद्धत वापरायला गेलात तर तिथेही घोळ, आणि गाईची आयजीजीही असते जी काही अँटी-गोट, अँटी-शीप अँटीबॉडीजना आवडते. मी स्वतः १ टक्का ह्युमन सिरम अल्ब्युमिन वापरायच्या बाजूचा आहे, कारण माणसाच्या सिरममध्ये ते आधीच गच्च भरलेलं आहे, त्याविरुद्ध अँटीबॉडी मिळणं दुर्मिळ, फक्त जे विकत घ्याल त्यात आयजीजीची भेसळ किती आहे ते आधी बघा. परवडत नसेल तर पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारखं प्रोटीन नसलेलं ब्लॉकर बघा. आणि जे काही ब्लॉकिंगला वापराल तेच सिरम डायल्युएंटमध्येही घाला, म्हणजे त्याविरुद्धच्या अँटीबॉडीज द्रवातच अडकून राहतात आणि वेलपर्यंत कमी पोचतात.

पण ब्लॉकर कोणतंही घ्या, एक गोष्ट सोडू नका. प्रत्येक सिरमसाठी अर्क न लावलेले, फक्त ब्लॉक केलेले दोन वेल ठेवा. प्लेटला एक ब्लँक ठेवून भागत नाही, प्रत्येक सिरमचा चिकटपणा वेगळा असतो. अर्काच्या वेलमधून त्या सिरमचाच ब्लॉक-वेल वजा करायचा. यामुळे एका प्लेटवर निम्मे सॅम्पल बसतात, खर्च वाढतो, गाईड कुरकुर करतात, हे सगळं मला माहीत आहे, तरीही करा. एका व्यवस्थित प्लेटवरचे २० सॅम्पल हे ४० बेभरवशाच्या सॅम्पलपेक्षा थीसिसमध्ये जास्त टिकतात, आणि मला खात्री आहे की तुमच्या ०.८ मधले बरेचसे आकडे या एका वजाबाकीतच खाली येतील.

कोटिंगबद्दल तुम्ही फक्त माइटचा अर्क एवढंच लिहिलंय, तो कुठला ते नाही. हे फार महत्त्वाचं आहे. आपल्याकडे पुष्कळ लॅबमध्ये स्किन प्रिक टेस्टची बाटली उरलेली असते तीच प्लेटला लावतात. त्यात ५० टक्के ग्लिसरीन असतं, फिनॉल असतं, आणि काही कंपन्यांच्या अर्कात स्थिर राहावं म्हणून ह्युमन अल्ब्युमिन घातलेलं असतं. मग तुम्ही ब्रॅडफर्ड (प्रोटीन मोजायची टेस्ट) करता, प्रोटीन छान येतं, आणि ते बहुतेक अल्ब्युमिनच असतं, प्लेटवर माइट जवळपास नसतोच. त्वचेवर टोचायला तो अर्क चांगला, प्लेटला लावायला नाही. लायोफिलाइझ केलेला, काही न घातलेला अर्क घ्या, किंवा निदान डायलिसिस करून मग एसडीएस-पेज (प्रोटीन आकारानुसार वेगळी करणारा जेल) चालवून बघा की १४ आणि २५ किलोडाल्टनच्या आसपास काही दिसतंय का. माइटची दोन मुख्य ॲलर्जन्स, डर पी २ तिथे खाली, डर पी १ वर. माइट ॲलर्जीच्या बहुतेक पेशंटमध्ये आयजीईचा मोठा हिस्सा या दोघांविरुद्ध असतो, हे दोन अर्कात नसतील किंवा मोडले असतील तर बाकी कितीही प्रोटीन असून उपयोग नाही. आणि ते मोडतात, कारण डर पी १ स्वतःच सिस्टीन प्रोटिएज आहे आणि अर्कात इतरही प्रोटिएज असतात, म्हणून अर्क विरघळवल्यावर लगेच छोट्या अलिकॉटमध्ये मायनस ८० ला, आणि एकदा काढलेला अलिकॉट परत ठेवायचा नाही.

लावायचं कसं तर ५० मिलिमोलर कार्बोनेट-बायकार्बोनेट बफर पीएच ९.६, अर्क असेल तर ५ ते १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, शुद्ध रिकॉम्बिनंट असेल तर १ ते २, १०० मायक्रोलिटर, रात्रभर ४ डिग्रीला. त्याच्यावर अर्क वाढवून फायदा नाही, पॉलिस्टायरीनच्या तळाला बसायची जागाच मर्यादित आहे, आणि ती जागा अर्कातलं जे जास्त आहे ते पटकावतं, जे महत्त्वाचं आहे ते नाही. बजेट असेल तर रिकॉम्बिनंट डर पी १ आणि डर पी २ मिसळून लावा, तुमची अर्धी डोकेदुखी जाईल. मात्र आपल्या भागात एक गोष्ट लक्षात घ्या, कोकणपट्टी किंवा कुठल्याही दमट गावातले डोनर असतील तर ब्लोमिया ट्रॉपिकॅलिस हा दुसरा माइटही असतो, त्याचं मुख्य ॲलर्जन ब्लो टी ५ हे डर्मॅटोफॅगॉइडिसच्या (डर पी ज्याची आहेत तो नेहमीचा माइट) ॲलर्जनशी फारसं क्रॉस-रिॲक्ट होत नाही, त्यामुळे फक्त डर पी लावलेल्या प्लेटवर असा माणूस निगेटिव्ह दिसू शकतो आणि तुम्ही त्याला कंट्रोल गटात टाकाल.

कंट्रोल गटाचाच विषय निघाला तर, तुमचे नॉन-ॲलर्जिक डोनर ठरवले कसे? तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय की विचारून. तेवढं पुरत नाही. त्रास नसलेल्या माणसातही माइटची आयजीई असू शकते, फक्त लक्षणं नसतात. स्किन प्रिक करून माइटला ३ मिलिमीटरपेक्षा कमी व्हील असलेले, आणि हिस्टामिनला नीट व्हील आलेले, असे लोक घ्या. त्यातले काही असे मुद्दाम शोधा ज्यांची टोटल आयजीई जास्त आहे पण माइट निगेटिव्ह आहे, उदाहरणार्थ जंतांचा प्रादुर्भाव झालेले. हा सगळ्यात कडक निगेटिव्ह कंट्रोल आहे, कारण तुमचा एलायझा स्पेसिफिक आयजीई मोजतोय की नुसती इकडे तिकडे चिकटलेली आयजीई, हे इथेच उघड होतं. कट-ऑफ मग या निगेटिव्हच्या सरासरीत ३ एसडी मिळवून काढा, किंवा सॅम्पल पुरेसे असतील तर स्किन प्रिकच्या विरुद्ध आरओसी (कट-ऑफ निवडायचा आलेख) काढा. ओडी ०.२ च्या वर म्हणजे पॉझिटिव्ह असं कुठल्यातरी पेपरमधून उचलू नका, तो आकडा त्यांच्या प्लेटचा आहे.

आता जो प्रयोग केल्याशिवाय मी तरी कुणाचा आयजीई एलायझा मान्य करत नाही तो म्हणजे इनहिबिशन. दोन-तीन पॉझिटिव्ह सिरम घ्या, प्रत्येकाचे वाटे करा, एका वाट्यात नुसतं बफर, दुसऱ्यात माइटचा अर्क द्रवात घालून तासभर ठेवा, ०.१ पासून १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीपर्यंत दहा-दहा पटीनं वाढवत, तिसऱ्यात तेवढंच पण संबंध नसलेलं प्रोटीन, ओव्हाल्ब्युमिन चालेल, फक्त डोनरला अंड्याची ॲलर्जी नसू दे. मग हे सगळं प्लेटवर. माइटनं सिग्नल पायरीपायरीनं खाली आला, वरच्या डोसला ८० टक्क्यांच्या आसपास दबला आणि ओव्हाल्ब्युमिननं ढिम्म हलला नाही तर जे मोजताय ते माइटविरुद्धचंच आहे. काहीच दबलं नाही तर तो सिग्नल चिकटपणाचा आहे आणि कितीही सुंदर स्टॅटिस्टिक्स करून तो आयजीई होणार नाही. परीक्षक व्हायव्हाला हेच विचारतात, आणि ज्याच्याकडे हा ग्राफ असतो त्याला दुसरा प्रश्न येत नाही.

एवढं करूनही ओळखीचे पॉझिटिव्ह पेशंट कमी ओडी देत असतील तर पुढचा संशय आयजीजीच्या स्पर्धेवर. प्लेटवर ॲलर्जन थोडं, त्याच एपिटोपसाठी (ॲलर्जनवरची अँटीबॉडी बसायची जागा) आयजीजी आणि आयजीई दोन्ही रांगेत, आणि आयजीजी हजारो पटीनं जास्त, म्हणजे बसायला मिळालेल्या प्रत्येक आयजीईमागे कितीतरी आयजीजी आधीच बसलेल्या. ज्यांनी इम्युनोथेरपीची इंजेक्शनं किंवा जिभेखालचे थेंब घेतलेत त्यांच्यात आयजीजी ४ खूप वाढते आणि त्यांची आयजीई साध्या प्लेटवर खोटी कमी दिसते, मग लोक लिहितात की थेरपीनं आयजीई उतरली. इम्युनोकॅपसारख्या मशीनमध्ये ही अडचण कमी येते त्याचं कारण तिथे ॲलर्जन सपाट तळावर नसतं, स्पंजसारख्या सेल्युलोजमध्ये खूप जास्त प्रमाणात बांधलेलं असतं, सगळ्यांना जागा पुरते, ४० मायक्रोलिटर सिरम, वर बीटा-गॅलॅक्टोसिडेज लावलेली अँटी-आयजीई आणि फ्लुरोसंट सबस्ट्रेट, त्यामुळे ०.१ पासून १०० किलोयुनिटपर्यंत वाचता येतं. मूळ कल्पना १९६७ च्या रास्टचीच आहे, ज्यात ॲलर्जन घन पदार्थाला बांधून वर किरणोत्सारी आयोडीन लावलेली अँटी-आयजीई टाकायचे. उपसालाचे योहान्सन आणि बेनिच, आणि तिकडे डेन्व्हरला इशिझाका पती-पत्नी, यांनी हा अँटीबॉडीचा वर्ग शोधला त्याच काळात ही टेस्टही आली.

आपल्याकडे मशीन नाही, प्लेट आहे, तर दोन मार्ग. एक म्हणजे सिरममधली आयजीजी प्रोटीन जी बीड्सनं काढून मग प्लेटवर घालणं. प्रोटीन जीच घ्या, प्रोटीन ए नको, कारण प्रोटीन ए काही आयजीईलाही त्यांच्या व्हीएच ३ भागावरून धरतं आणि तुमचा मालच निघून जाईल. दुसरा मार्ग प्लेट उलटी करणं, म्हणजे तळाला माउस मोनोक्लोनल अँटी-ह्युमन आयजीई २ मायक्रोग्रॅमनं, वर सिरम, ती फक्त आयजीईला पकडते, बाकीची आयजीजी धुऊन जाते, मग बायोटिन लावलेलं ॲलर्जन, मग स्ट्रेप्टाव्हिडिन-एन्झाइम. बॅकग्राऊंड एकदम स्वच्छ येतो. पण याची स्वतःची दुखणी आहेत. ज्याची टोटल आयजीई ५००० आहे आणि माइटची ५, त्याच्यात पकडलेल्या हजारातली एकच आयजीई माइटची असणार, बाकीच्यांनी जागा अडवलेली, आणि आपल्याकडे जंत, एबीपीए (ॲस्परजिलस बुरशीमुळे होणारा फुफ्फुसाचा ॲलर्जिक आजार) वगैरेमुळे असे पेशंट कमी नाहीत. सिरममध्ये माउस आयजीजीविरुद्धच्या अँटीबॉडीज किंवा ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर असला तर तोही गोंधळ घालतो, डायल्युएंटमध्ये थोडी माउस आयजीजी घालून तो बराच आटोक्यात येतो. बायोटिन लावणं शुद्ध ॲलर्जनलाच करा, कच्च्या अर्कात कशाला किती लागलं ते कळत नाही.

आणि एक बारीक गोष्ट जी मी बऱ्याच जणांना सांगतो कारण ती सहज लक्षात येत नाही. एचआरपी हे हॉर्सरॅडिश मुळातलं एन्झाइम, म्हणजे वनस्पतीचं ग्लायकोप्रोटीन, त्यावर तीच साखरेची साखळी असते जी परागकणांवर, शेंगदाण्यावर, मधमाशीच्या विषात असते, जिला सीसीडी म्हणतात. काही लोकांच्या रक्तात या सीसीडीविरुद्ध आयजीई असते, बहुतेक वेळा तिच्यामुळे कसलीही लक्षणं नसतात. उलट्या प्लेटवर ही आयजीई तळाला पकडली गेली की ती स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपीला थेट धरते, ॲलर्जन नसतानाही रंग येतो. म्हणून उलट्या पद्धतीत बायोटिन-ॲलर्जन न घातलेले वेल प्रत्येक सिरमसाठी हवेतच, आणि शंका आली तर अल्कलाइन फॉस्फेटेजवर या. पुढे तुम्ही गाजर गवत किंवा वावळाच्या परागकणांवर काम करणार असाल तर सीसीडीचा विषय याहून खूप मोठा होतो, तिथे ब्रोमेलेननं सिरम इनहिबिट करून बघणं सुरुवातीपासून ठेवा.

सॅम्पलबद्दल पटकन. सिरम ५६ डिग्रीला अर्धा तास ठेवून इनॲक्टिव्हेट करायची सवय असेल तर इथे ती बंद. प्राउस्निट्झ आणि क्युस्टनरनं १९२१ मध्ये ॲलर्जीचा जो घटक सिरममधून दुसऱ्याच्या त्वचेत नेऊन दाखवला तो उष्णतेनं निकामी होतो हे फार जुनं ज्ञान आहे, आयजीईचा एफसी भाग ५६ ला बिघडतो आणि तिथेच बसणारी तुमची अँटी-आयजीई असेल तर सिग्नल गेला. मायनस २० चालतं, पण फ्रॉस्ट-फ्री घरगुती फ्रीजर नको, तो आतून सारखा गरम-थंड होत असतो. ओमालिझुमॅब (आयजीईला बांधणारं औषध) चालू असलेला दम्याचा पेशंट यादीतून काढा, त्याच्यात औषध आणि आयजीईचे कॉम्प्लेक्स फिरत असतात, टोटल उलट वाढलेली दिसते. एचआरपी वापरताय तर बफरमध्ये सोडियम अझाइड कुठेही नको, त्यानं एचआरपी मरतं. आणि मे महिन्यात रूम टेंपरेचर म्हणजे ३५ डिग्री असतं, जानेवारीच्या प्लेटशी त्याची तुलना होत नाही, टीएमबीची वेळ आणि तापमान इनक्युबेटरमध्ये बांधून घ्या आणि प्लेट सीलरनं झाका, नाहीतर कडेचे वेल आधी सुकतात आणि वेगळे वाचतात.

आकडा कशात द्यायचा? ओडीमध्ये देऊ नका, प्लेट बदलली की ओडी बदलतो. त्याच प्लेटच्या एका कडेला अँटी-आयजीई लावा, त्यावर डब्ल्यूएचओशी जोडलेलं आयजीई स्टँडर्ड पायऱ्यांनी, चार पॅरामीटरचा कर्व्ह, आणि माइटचे वेल त्यावर वाचा. ही पद्धत सर्रास वापरतात पण यात एक गृहीतक आहे, की अँटी-आयजीईवर बसलेली आयजीई आणि माइटवर बसलेली आयजीई सारखाच रंग देतात, म्हणून दोन-तीन पॉझिटिव्ह सिरम पातळ करत जाऊन त्यांची रेष स्टँडर्डच्या रेषेला समांतर जाते का हे दाखवा. समांतर जात नसेल तर किलोयुनिटचा आव आणू नका. चार-पाच पॉझिटिव्ह सिरम मिसळून एक पूल करा, त्याला १०० आर्बिट्ररी युनिट म्हणा, तो प्रत्येक प्लेटवर चालवा आणि सगळं त्याच्या तुलनेत द्या. हे पूर्णपणे प्रामाणिक आहे आणि कोणताही चांगला परीक्षक ते मान्य करतो. या पूलचा प्लेट-टू-प्लेट सीव्ही, म्हणजे आकड्यांतला चढउतार, १५ टक्क्यांच्या आत आणा, मग सॅम्पल सुरू करा.

टोटल आयजीईबद्दल माझं मत स्पष्ट आहे, ते बदली म्हणून चालणार नाही. तुमचा प्रश्न माइटला सेन्सिटायझेशन आहे का हा आहे, आणि टोटल आयजीई त्याचं उत्तर देत नाही. जंतांनी वाढते, एक्झिमानं वाढते, आणि उलट टोटल ४० असलेल्या माणसाला माइटनं जोरदार दमा असू शकतो. टोटलला स्वतःची जागा आहे, एबीपीएच्या निदानात ती लागतेच, तिथेही १००० चा जुना उंबरठा आंतरराष्ट्रीय गटानं २०२४ मध्ये ५०० वर आणला, ज्या कामात चंदीगडच्या पीजीआयच्या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. पण तिथेसुद्धा ॲस्परजिलसची स्पेसिफिक आयजीई सोबत लागते. टोटल मोजा जरूर, स्पेसिफिकच्या शेजारचा रकाना म्हणून.

शेवटी तुम्ही लिहिलंय की काही डोनर रिपोर्ट मागतायत, त्यातल्या एका आईला मुलाचं कोळंबी खाणं बंद करायचंय कारण तुमच्या दुसऱ्या प्लेटवर तो कोळंबीला पॉझिटिव्ह आला. कृपया हा आकडा त्यांना देऊ नका. माइट, झुरळ आणि कोळंबी तिघांमध्ये ट्रोपोमायोसिन नावाचं सारखं प्रोटीन असतं, माइटला सेन्सिटाइझ झालेला मुलगा कोळंबीच्या प्लेटवर पॉझिटिव्ह येऊ शकतो आणि आयुष्यभर आरामात कोळंबी खात असतो. पॉझिटिव्ह म्हणजे सेन्सिटायझेशन, ॲलर्जी ठरते ती खाल्ल्यावर काय झालं त्यावरून. अंड्याला ७, दुधाला १५, शेंगदाण्याला १४ किलोयुनिट प्रति लिटर असे जे ॲलर्जी ठरवायचे आकडे पुस्तकात दिसतात ते २००१ मध्ये अमेरिकेतल्या ॲलर्जी क्लिनिकच्या मुलांवर, विशिष्ट मशीनवर काढलेले आहेत, ते तुमच्या प्लेटला लागू नाहीत. त्या आईला सांगा की ही संशोधनाची टेस्ट आहे, मुलगा आजवर कोळंबी खाऊन ठीक असेल तर स्वतःहून काही बंद करू नका, आणि आधी कधी पुरळ, उलटी, श्वासाचा त्रास झाला असेल तर थांबवा आणि ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे जा, ते लागलं तर एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमधून टेस्ट करून घेतील. एथिक्स कमिटीच्या फॉर्ममध्ये रिपोर्ट देणार की नाही हे काय लिहिलंय तेही काढून बघा.

पुढची प्लेट अशी लावा. चार पॉझिटिव्ह, चार निगेटिव्ह, त्यात दोन जास्त टोटलवाले, सिरम १:५, प्रत्येकाचे दोन अर्काचे आणि दोन फक्त ब्लॉकचे वेल, अल्ब्युमिन ब्लॉकिंग, एका कडेला शुद्ध आयजीजी आणि आयजीईचे वेल काँज्युगेट तपासायला, आणि दोन पॉझिटिव्हना द्रवातल्या माइटनं इनहिबिशन. ब्लॉकचे वेल अर्काच्या वेलएवढेच वर असतील तर प्रश्न ब्लॉकिंगचा, आयजीजीचे वेल वर असतील तर काँज्युगेटचा, दोन्ही खाली आणि तरीही निगेटिव्ह सिरम अर्कावर वर असेल तर त्या डोनरचं स्किन प्रिक पुन्हा करा, आणि पॉझिटिव्हच खाली असतील तर अर्काचा जेल काढून बघा. ओडी आले की जेलच्या फोटोसकट इथे टाका, मी बघतो.